वादग्रंथ आणि त्यांचे पुनर्मुद्रण
(एकोणिसाव्या शतकातील मराठी ख्रिस्ती धर्मविचाराच्या ग्रंथांसंबंधी)

एकोणिसाव्या शतकात मराठीत आणि मराठी माणसांनी इतर भाषांत लिहिलेले ख्रिस्ती धर्मविचाराचे व बायबलच्या अभ्यासाचे ग्रंथ दीर्घकाळ दुर्मिळ होते. मिशनच्या जुन्या ग्रंथसंग्रहांत, एशियाटिक सोसायटीसारख्या संस्थांत किंवा परदेशी ग्रंथालयांत त्यांच्या प्रती पाहावयास मिळत. आता यांपैकी पुष्कळ ग्रंथ छायाप्रतींच्या रूपाने उपलब्ध झाले आहेत; काही नव्याने जुळवून छापले गेले आहेत; तर काहींच्या प्रती मागणीनुसार एकेक करून छापून मिळतात. अभ्यासकांची मोठी सोय झाली, यात शंका नाही. तथापि पुनर्मुद्रण म्हणजे केवळ जुनी पाने नव्या कागदावर उतरविणे नव्हे. पुनर्मुद्रित ग्रंथ वाचकाच्या हाती कोणत्या रूपात जातो, यावर त्याचा अर्थ अवलंबून असतो. या ग्रंथांच्या बाबतीत तर विशेषच. कारण त्यांतील बहुतेक ग्रंथ मुळात कोणाला तरी दिलेले उत्तर आहेत. ज्याला उत्तर दिले तो पुनर्मुद्रणात दिसेनासा होतो आणि वाद म्हणून लिहिलेला ग्रंथ प्रवचन म्हणून वाचला जातो.

या संदर्भात १८३२ सालच्या एका ग्रंथाची आठवण करून देणे उपयुक्त होईल. स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन आणि मोरभट दांडेकर यांच्यात १८३१ साली मुंबईत जाहीर वादविवाद झाला. त्यानंतर दांडेकरांनी ‘श्रीहिंदुधर्मस्थापना’ हे पुस्तक लिहिले आणि विल्सन यांनी १८३२ मध्ये त्याला इंग्रजीत विस्तृत उत्तर दिले. विल्सन यांची भाषा अनेक ठिकाणी कठोर आहे आणि पुराणकथांविषयी त्यांचा सूर आज कोणासही रुचणार नाही. परंतु या ग्रंथाची रचना पाहण्यासारखी आहे. आपल्या उत्तराच्या आधी विल्सन यांनी दांडेकरांच्या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतर छापले, आणि तसे छापल्याचा उल्लेख ग्रंथाच्या मुखपृष्ठावरही केला. वाचकाने आधी प्रतिपक्ष वाचावा आणि मग उत्तर वाचावे, अशी ही योजना होती. तीमागे उदारता होती की आपल्या युक्तिवादावरचा अतिविश्वास होता, हा प्रश्न निराळा. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, साताऱ्याच्या नारायणराव नावाच्या गृहस्थांच्या पुस्तकाला विल्सन यांनी दुसरे उत्तर दिले आणि त्यात वेदान्तावरही टीका केली. ही दोन्ही पुस्तके आज विल्सन यांच्या नावावर सहज मिळतात. दांडेकर आणि नारायणराव हे मात्र बहुतेक वाचकांना विल्सन यांच्या पुस्तकांतील नावे म्हणूनच ठाऊक असतात. १८३२ च्या संपादनात असलेला विवेक नंतरच्या अभ्यासात कमी झाला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

याहून अधिक बोलके उदाहरण नीळकंठशास्त्री गोरे यांचे आहे. काशीत वाढलेल्या या कोकणस्थ ब्राह्मण पंडिताचा जन्म १८२५ सालचा. १८४८ मध्ये जौनपूर येथे त्यांनी ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली आणि नेहेमिया हे नाव धारण केले. १८६० मध्ये त्यांचा ‘षड्दर्शनदर्पण’ हा हिंदी ग्रंथ प्रसिद्ध झाला. सांख्य, न्याय, वेदान्त इत्यादी दर्शनांचे खंडन करणाऱ्या या ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर फिट्झ-एडवर्ड हॉल यांनी १८६२ मध्ये कलकत्त्याहून काढले आणि पुढेही त्याच्या आवृत्ती निघत राहिल्या. हा सर्व व्यवहार ख्रिस्ती धर्मपंडित गोरे यांच्यासंबंधीचा झाला. परंतु धर्मांतरापूर्वी, १८४४-४५ च्या सुमारास, याच गोऱ्यांनी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ नावाचा संस्कृत ग्रंथ लिहिला होता. जॉन म्यूर यांनी १८३९ साली ‘मतपरीक्षा’ या संस्कृत पुस्तकात ख्रिस्ती धर्माचे मंडन केले होते. त्याचे खंडन हाच गोऱ्यांच्या ग्रंथाचा विषय. वादात उतरलेले ते एकटेच नव्हते. सिहोर येथील मराठी पंडित सुबाजी बापू यांनी सोमनाथ या नावाने ‘मतपरीक्षाशिक्षा’ लिहिली, तर बंगालचे हरचंद्र तर्कपंचानन यांनी ‘मतपरीक्षोत्तर’. गोऱ्यांचे खंडन मात्र हस्तलिखितातच राहिले. उज्जैनच्या प्राच्यविद्या संस्थेतून स. ल. कात्रे यांनी ते संपादून छापले ते १९५१ मध्ये, म्हणजे लेखनानंतर शंभरहून अधिक वर्षांनी.

या शतकभराच्या अंतराचा परिणाम काय झाला, हे ध्यानात घेतले पाहिजे. केवळ ‘षड्दर्शनदर्पण’ वाचणाऱ्याला गोरे हे बाहेरून आक्रमण करणारे टीकाकार वाटतात. ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ शेजारी ठेवला म्हणजे चित्र पालटते. कर्म आणि पुनर्जन्म मानल्याशिवाय जगातील दुःखाची संगती लागत नाही. एकाच जन्मावर शाश्वत शिक्षा ठरविणारा ईश्वर न्यायी कसा म्हणावा. असे प्रश्न तरुण गोऱ्यांनी ख्रिस्ती पक्षाला टाकले होते. उत्तरायुष्यातील गोरे पुनर्जन्माच्या सिद्धांताचे खंडन करतात, तेव्हा ते स्वतःच्याच जुन्या प्रश्नांशी झगडत असतात. वेदान्त्यांच्या पारमार्थिक, व्यावहारिक आणि प्रातिभासिक या त्रिविध सत्तेवरील त्यांची चर्चा इतकी बारकाईची आहे, याचे कारण ती भाषा त्यांनी परक्याची म्हणून शिकलेली नव्हती. दोन ग्रंथ एका माणसाच्या मनातील एकच वाद आहेत. त्यांतला एक वारंवार छापला गेला, दुसरा कपाटात राहिला. त्यामुळे मराठी विचाराच्या इतिहासात गोरे जेमतेम ‘धर्मांतरित पंडित’ या एका विशेषणापुरते उरले. हिंदू पक्षाने त्यांना गमावलेला माणूस मानले, ख्रिस्ती पक्षाने मिळविलेला. विचारवंत म्हणून त्यांचे मोजमाप करण्याची निकड कोणासच वाटली नाही.

प्रतिपक्ष हरवणे ही पुनर्मुद्रणाची एक बाजू झाली. दुसरी बाजू शब्दांची आहे, आणि ती अधिक सूक्ष्म असल्यामुळे तिच्याकडे दुर्लक्ष सहज होते.

नागपूरच्या वायव्येस वीसेक किलोमीटरवर, इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर कळमेश्वर आहे. तेथील बोली नागपुरी. ग्रियर्सन यांच्या भाषिक सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) या बोलीचे नमुने आहेत. या सर्वेक्षणात सर्वत्र नमुना म्हणून लूककृत शुभवर्तमानातील उधळ्या मुलाची कथा निवडलेली होती. म्हणजे ‘मला’ऐवजी ‘मले’ आणि ‘त्याला’ऐवजी ‘त्याले’ म्हणणाऱ्या या प्रदेशाच्या बोलीला शास्त्रीय संग्रहात स्थान मिळाले ते बायबलमधील एका कथेच्या निमित्ताने. परंतु स्वतः मराठी बायबल ‘मले’ म्हणत नाही. अमेरिकन मिशनने मुंबईहून १८२६ मध्ये नवा करार आणि १८४७ मध्ये संपूर्ण बायबल मराठीत आणले. तेव्हापासून मुंबई, अहमदनगर आणि पुणे येथील मिशनरी व त्यांचे पंडित यांनी घडविलेली ग्रांथिक भाषा हीच बायबलची मराठी ठरली. १८४२ साली अहमदनगरहून निघालेल्या ‘ज्ञानोदया’ने तिचा प्रसार केला. कळमेश्वरच्या वाचकाला ही भाषा परकी नसली तरी घरचीही नाही. म्हणूनच तिच्यातील काही शब्द ऐकून तो थबकेल. आणि तो जेथे थबकेल तेथेच पुनर्मुद्रणाच्या संपादकानेही थबकावयास हवे.

‘तारण’ हा शब्द घेऊ. ख्रिस्ती मराठीत मोक्षाच्या जागी हा शब्द रूढ झाला. कळमेश्वर तालुक्यातच धापेवाडा आहे. तेथे चंद्रभागेच्या काठी विठ्ठलाचे देऊळ असून त्याला विदर्भाचे पंढरपूर म्हणतात. तेथे अभंग म्हणणाऱ्या वारकऱ्याला ‘तारणे’ ठाऊक आहे. भवसागर आणि नाव ही प्रतिमाही त्याच्या ओळखीची आहे. पण त्याच शेतकऱ्याने सोयाबीन किंवा तूर बाजार समितीच्या शेतमाल तारण योजनेत ठेवली असेल, तर ‘तारण’ म्हणजे कर्जापोटी अडकविलेला माल, हा अर्थही त्याच्या मनात तितकाच जागा असणार. शब्दाचे हे दोन्ही अर्थ जुनेच आहेत. पाप हे ऋण आणि ख्रिस्ताने ते फेडले, ही कल्पना ख्रिस्ती धर्मविचारात मध्यवर्ती असल्यामुळे हा दुहेरी अर्थ भाषांतरकारांना अडचणीचा वाटण्याऐवजी कदाचित सोयीचाच वाटला असेल. नव्या वाचकासाठी ‘तारण’ काढून तेथे ‘मुक्ती’ घालणारा संपादक शब्द सोपा करतो असे त्याला वाटते; प्रत्यक्षात तो ऋणाची कल्पनाच पुसून टाकतो.

‘खंडणी’ची कथा याहून विलक्षण आहे. मार्ककृत शुभवर्तमानात (१०.४५) मानवपुत्र आपला प्राण पुष्कळांसाठी देतो असे म्हटले आहे. तेथे ओलिसाच्या सुटकेसाठी द्यावयाच्या मोलाचा वाचक असा जो ग्रीक शब्द आहे, त्यासाठी मराठी बायबलच्या रूढ भाषांतराने ‘खंडणी’ स्वीकारला. मराठेशाहीच्या कागदपत्रांतील हा शब्द आहे. नागपूरकर भोसल्यांच्या ओरिसा-बंगालकडील स्वाऱ्यांच्या इतिहासात तो पदोपदी भेटतो. दुर्बळाने प्रबळाला देऊन आपली सुटका करून घ्यावयाची रक्कम, हा त्याचा अर्थ. जुन्या वाचकाच्या कानी त्यात राजकीय व्यवहाराचा ध्वनी होता. आज वृत्तपत्र वाचणाऱ्या माणसाच्या मनात ‘खंडणी’ म्हटले की गुन्हेगारांची टोळी उभी राहते. हा बदल शब्दाचा दोष नव्हे. परंतु या शब्दावर आधारलेली जुनी विवेचने टिपेशिवाय छापली, तर वाचकाचा गैरसमज होणार हे निश्चित. आणि शब्दच बदलून छापली, तर मराठी ख्रिस्ती विचाराने स्वराज्याच्या दप्तरातून कोणती भांडवली उचल केली होती, हे कळण्याचा मार्ग बंद होणार. ‘करार’ हा शब्दही अशाच दप्तरी व्यवहारातून आला. फारसी-अरबी वळणाचा हा शब्द आज ‘नवा करार’ या नावात इतका मुरला आहे की त्याच्या कुळाची कोणी चौकशी करीत नाही.

यहुदी नियमशास्त्राच्या जाणकारांना मराठी बायबलने ‘शास्त्री’ म्हटले. हा केवळ भाषांतराचा निर्णय होता काय? ज्या काळात मिशनरी आणि मराठी शास्त्री मुंबईच्या रस्त्यांवर, शाळांत आणि समुद्रकिनारी समोरासमोर उभे ठाकत होते, त्या काळात शुभवर्तमानातील ख्रिस्त ‘शास्त्री आणि परूशी’ यांचा निषेध करतो, असे वाचणाऱ्या माणसाला गालीलातील माणसे दिसली असतील की ठाकुरद्वारची? शब्दाच्या निवडीत वाद दडलेला होता. आजच्या वाचकाला ‘शास्त्री’ हे एक आडनाव वाटते. वाद त्याच्या कानावरून जातो.

सर्वांत गंभीर उदाहरण ‘प्रायश्चित्त’ या शब्दाचे आहे. हिंदू धर्मशास्त्रात प्रायश्चित्त ज्याचे त्याने करावयाचे असते. ख्रिस्ती ग्रंथांत तोच शब्द ख्रिस्ताने इतरांच्या पापांसाठी केलेल्या समर्पणाला लावला गेला. कर्ता बदलला, शब्द तोच राहिला. हा फरक केवळ तात्त्विक नव्हता. १८४३ साली नारायण शेषाद्री यांनी मुंबईत ख्रिस्ती दीक्षा घेतली. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनरींकडे राहत होता. तो अल्पवयीन असल्यामुळे न्यायालयाच्या आदेशाने त्याला वडिलांच्या स्वाधीन करण्यात आले. मग प्रश्न उभा राहिला: या मुलाला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही? बाळशास्त्री जांभेकर यांनी घ्यावे असा पक्ष धरला आणि त्यासाठी ब्रह्मवृंदाचा रोष पत्करला. त्या सुमारास मुंबईतील वाचक ‘प्रायश्चित्त’ हा शब्द ख्रिस्ती पुस्तकात वाचत असेल, तर एका घरातून गेलेल्या आणि एका मुलाच्या परतीवर अडकलेल्या वादाचा संदर्भ त्याच्या मनात असणे अपरिहार्य होते. त्या काळच्या ख्रिस्ती पुस्तकांच्या पुनर्मुद्रणात हे सांगावयाचे नाही, तर प्रस्तावना लिहावयाची कशासाठी?

जेथे शब्दाचे भाषांतर केलेच नाही, तेथेही इतिहास आहे. ‘बाप्तिस्मा’ हा ग्रीक शब्द मराठीत जसाच्या तसा राहिला. बॅप्टिस्ट पंथाच्या भाषांतरकारांचा आग्रह होता की त्याचा अर्थ ‘पाण्यात बुडविणे’ असाच करावा. इतर पंथांना ते मान्य नव्हते. बंगाली भाषांतरावरून हा वाद १८३० नंतरच्या दशकात इतका विकोपाला गेला की ब्रिटिश अँड फॉरिन बायबल सोसायटीने बॅप्टिस्ट भाषांतरांना साहाय्य नाकारले आणि १८४० मध्ये बॅप्टिस्टांनी आपली स्वतंत्र भाषांतर-संस्था स्थापन केली. मराठीतील ‘बाप्तिस्मा’ हे पंथांमधील अशा मौनाचे उदाहरण आहे. याउलट ‘वल्हांडण’, म्हणजे यहुदी लोकांचा सुटकेचा सण, हा शब्द ओलांडणे या अर्थाच्या जुन्या मराठी क्रियापदावरून आला. अर्थ आणि बोली यांचा इतका नेटका मेळ या सबंध परिभाषेत क्वचितच आढळतो.

मराठी ख्रिस्ती ग्रंथांच्या पुनर्मुद्रणाला पाठभेदांचा धडा सतराव्या शतकातूनच मिळावयास हवा होता. फादर स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. त्या आवृत्तीची प्रत उपलब्ध नाही. १९०७ मध्ये सालढाणा यांनी मंगळूरहून रोमन लिपीतच संपादित आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून ते नागरी लिपीत आणले. लंडनच्या मार्सडेन संग्रहातील नागरी हस्तलिखिताकडे जस्टिन अॅबट यांनी १९२३ मध्ये लक्ष वेधले. रोमन परंपरेत जेथे पोर्तुगीज शब्द आहेत, तेथे या हस्तलिखितात अनेकदा संस्कृत शब्द आढळतात. कवीची मूळ परिभाषा कोणती, हा प्रश्न त्यामुळे उभा राहिला. एकोणिसाव्या शतकातील गद्य ग्रंथांच्या निरनिराळ्या आवृत्तींतही शब्द बदलले आहेत. पण ते ताडून पाहण्याचे कष्ट पद्यग्रंथासाठी घेतले जातात तसे गद्यासाठी घेतले जात नाहीत.

साहित्याच्या अभ्यासकांचाही येथे दोष आहे. बाबा पदमनजी (१८३१-१९०६) यांचे ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पुन्हा पुन्हा चर्चेत आले ते मराठीतील पहिली कादंबरी म्हणून. ‘अरुणोदय’ आरंभीच्या आत्मचरित्रांपैकी एक म्हणून. प्रारंभिकतेचा हा मान त्यांना मिळाला, तो योग्यच होता. परंतु याच लेखकाने नव्या करारावर मराठीत विस्तृत टीका लिहिली आणि ‘शब्दरत्नावली’ नावाचा कोश रचला, हे साहित्येतिहासात एखाद्या वाक्यात आटोपते. शब्दांचा हा एवढा जाणकार बायबलवर टीका लिहिताना एकेका शब्दाशी कसा झुंजला, हे तपासावयाचे तर ती टीका ‘यमुनापर्यटना’च्या बरोबरीने वाचावी लागेल. विरुद्ध पक्षातील विष्णुबावा ब्रह्मचारी यांची गतही फारशी निराळी नाही. १८५७ साली मुंबईच्या समुद्रकिनारी त्यांनी मिशनऱ्यांशी वाद केला. त्याचा वृत्तान्त जॉर्ज बोवेन यांनी प्रसिद्ध केला. बावांनी १८५९ मध्ये ‘वेदोक्तधर्मप्रकाश’ लिहिला. आज मात्र त्यांचे नाव निघते ते बहुधा १८६७ च्या ‘सुखदायक राज्यप्रकरणी निबंधा’साठी, कारण त्यात साम्यवादाची चाहूल दिसते. पदमनजींची कादंबरी उरली, बावांचे अर्थशास्त्र उरले. ज्या प्रश्नावर दोघांनी आयुष्य वेचले तो ईश्वराचा प्रश्न दोघांच्याही बाबतीत परिशिष्टात गेला. जोतीराव फुले यांनी ‘निर्मिक’ हा शब्द का योजिला, देव आणि ईश्वर हे दोन्ही शब्द बाजूला का ठेवले, हे समजण्यासाठीही या परिशिष्टाचीच गरज पडते. फुले मिशनच्या शाळेत शिकले होते आणि पदमनजी त्यांचे स्नेही होते.

येथे एका आक्षेपाचा विचार करावयास हवा. हे ग्रंथ केवळ संशोधकांसाठी नाहीत. ख्रिस्ती कुटुंबांत ते भक्तीसाठी वाचले गेले आणि आजही वाचले जातात. अशा वाचकाला जुने शुद्धलेखन, माथ्यावरचे अनुस्वार, अवघड वाक्यरचना आणि शंभर वर्षांपूर्वीचे वाद यांचा अडथळा होतो. त्याच्यासाठी भाषा सुलभ करून, वादाचा कर्कशपणा गाळून ग्रंथ छापणे हे पाप नव्हे. हा आक्षेप रास्त आहे. जुन्या मिशनरी लेखनातील उपहास वगळल्याने आजच्या वाचकाचे काही नुकसान होते असेही नाही. फक्त अशी आवृत्ती रूपांतर म्हणून छापावी, मूळ ग्रंथाचे वर्ष आणि बदलांचे स्वरूप मुखपृष्ठामागे नमूद करावे, एवढी अपेक्षा अवाजवी ठरणार नाही. तेवढेही न केल्यास १८५० चा लेखक नव्या मराठीत बोलू लागतो आणि वाचक त्यालाच प्रमाण मानतो. विद्यापीठीय आवृत्तीची गोष्ट वेगळी. तिने उपहाससुद्धा जसाच्या तसा ठेवला पाहिजे; आणि ज्याचा उपहास केला त्याचे म्हणणे शेजारच्या पानावर दिले पाहिजे.

असे संपादन अशक्य आहे, असे नागपुरात तरी कोणी म्हणू नये. स्टीफन हिस्लॉप १८४५ साली नागपुरात आले. मिशन, शाळा, भूगर्भातील जीवाश्मांचा शोध आणि गोंड लोकांचा अभ्यास यांत त्यांची अठरा वर्षे गेली. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाट येथील शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ ओढ्याच्या पुरात ते बुडाले. त्यांची अपुरी टिपणे रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांत लिंगोची गोंडी गाथा आहे. हिस्लॉप यांचा तिच्यातील देवांवर विश्वास नव्हता. टेंपल यांचाही नव्हता. तरीही मूळ गोंडी शब्द छापले, त्यांचा शब्दशः अर्थ दिला, वर टिपा जोडल्या. गाथा सुबोध करण्यासाठी मूळ पाठ पुसून टाकला नाही. ज्या गोंडांना लेखी ग्रंथ नव्हता त्यांच्या गाण्याला १८६६ साली जी वागणूक मिळाली, ती मोरभट दांडेकरांच्या पुस्तकाला, गोऱ्यांच्या दोन्ही ग्रंथांना आणि पदमनजींच्या टीकेला मिळणे अद्याप बाकी आहे. आरंभ दांडेकरांपासून करता येईल: १८३२ च्या क्रमानेच, आधी भटजींचे पुस्तक, मग विल्सन यांचे उत्तर, आणि दोहोंच्या मध्ये, शक्य असेल तेथे, मूळ मराठी.